दोरा दातानं तोडू नये

तोंड उघडा

"दोरा कशानं तोडता?" दातांच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

शिंपीमास्तरांच्या तोंडात आरसा होता, म्हणून उत्तर बायकोनं दिलं. "दातानं! कात्री गळ्यात लटकवलीय ती दागिना म्हणून."

मास्तरांच्या पुढच्या दातासाठी हाडात स्क्रू बसवला होता, तोही दुसऱ्यांदा. पहिला हाडात मुरायच्या आतच एका कोटाच्या काजाचा दोरा तोडताना डुगडुगला. सिगारेटींनी हिरड्या आधीच पोखरल्या होत्या आणि साखर रक्तात ठाण मांडून बसली होती.

"हाड थोडंच उरलंय. हाही निघाला तर कवळीच."

मास्तर गारठले. थोरल्या भावाची कवळी एकदा शिंकेसरशी पाहुण्यांच्या ताटात उतरली होती.

"सिगारेट बंद, गोड बंद, दोऱ्याला दात लावायचा नाही. रात्री झोपेत दात खातात का?"

"खातात? गिरणी चालते!"

"मग रात्री दातांवर ही पट्टी चढवा. आणि तुम्ही त्यांना चिडू देऊ नका. दिवसाचा राग माणूस रात्री दळतो."

चूळ भरा

झालं! घरात मास्तरांना 'नाही' म्हणायची सोय उरली नाही. मास्तरांनी सिगारेट सोडली, गोड सोडलं, आणि त्याची सगळी भरपाई हुकूम सोडण्यात केली.

"पंखा वाढवा." वाढला. "गार वाटतंय." कमी झाला.

"आई, बाबा कपाट खिडकीशी न्यायला सांगतायत," लेक म्हणाली.

"परत? कालच तर दाराशी आणलं!"

"दात!" आतून आवाज आला. कपाट खिडकीशी गेलं.

बायकोचा स्वतःचा कोट कितीतरी वर्षं कापून पडला होता. गावाचे कोट शिवून झाले, घरचा गठ्ठ्यातच. एकदा तिनं भीतभीत विषय काढला.

"अगं, अशी आठवण करून दिलीस की मला त्रास होतो."

बायको हसली. दात घट्ट मिटून, अगदी गोड हसली.

मास्तर मात्र रात्री दचकून जागे होऊ लागले. करर्र, करर्र! 'चालला! माझा दात चालला!' अंधारात पट्टी चाचपून ते ती आणखी घट्ट दाबत.

तोंड मिटा

"स्क्रू पक्का बसलाय!" काही महिन्यांनी फोटो बघून डॉक्टरबाई म्हणाल्या. मास्तरांनी खुर्चीतच शीळ घातली. "आणि पट्टीवर साधा ओरखडाही नाही."

"असं कसं? रोज रात्री दळण ऐकतोय मी!"

डॉक्टरबाईंची नजर हळूच वळली. मास्तरांची बायको गाल धरून उभी होती.

"तुम्ही बसा बरं जरा."

दाढ उभी चिरली होती. ती त्याच दिवशी काढावी लागली. "जखम भरली की इथंही स्क्रू बसवू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोवर आणि पुढंही, मास्तर, यांना चिडू द्यायचं नाही."

सोबत आलेल्या लेकीला हसू आवरेना. बायकोच्या तोंडात कापसाचा बोळा होता, बोलता येईना. तिनं फक्त खांद्यापासून मनगटापर्यंत बोट ओढून बाही दाखवली.

घरी पोचताच मशीन खडखडू लागलं. दोन दिवसांत कोट उभा राहिला. शेवटची टीप पडली आणि दोरा सवयीनं मास्तरांच्या ओठांपर्यंत गेला.

समोर बायको, गाल टम्म, एकटक बघत होती.

मास्तरांनी मुकाट्यानं गळ्यातली कात्री हातात घेतली. कच्!

बायकोनं कोट घातला, आरशात मागून-पुढून बघितलं आणि प्रसन्न होऊन बोट खिडकीकडे केलं.

"कपाट," ती बोबड्या आवाजात म्हणाली. "दाराशी."