सानिकाबाईसाहेब खंड्या जाहल्या त्याची हकिकत

श्रीगजानन समर्थ. रत्नागिरी प्रांती, मिऱ्याचे किनारी, अंगारकीचे दिवशी जो प्रसंग गुदरला तो पुढील पिढीस ठाऊक असावा, सबब यथामती लिहिला असे.

सौभाग्यवती नम्रताबाईसाहेब यांचे पती हर्षदराव जहाजावर चाकरीस, दर्यापार गेलेले. घरी सासूबाई सावित्रीबाई आणि कन्या सानिकाबाईसाहेब, उमर चार. आदले दिवशी कन्येस भरवितेसमयी बाईसाहेबांनी ग्रीक मुलखीची कथा सांगितली की, राजाचे तारू बुडाले, आणि राणीने दर्यात उडी टाकिली, मग देवांस करुणा येऊन उभयतां खंड्या पक्षी जाहली. इतक्यात कुकरची शिटी जाहली आणि बाईसाहेब कथा अर्धी टाकून धावल्या. अनर्थाचा पाया तो हाच.

दुसरे दिवशी कन्येने निळा टॉवेल खांद्यास बांधिला, आणि परसातील जांभ्याच्या गडग्यावर चढून ठाणे दिले, आणि जाहीर केले की आपण खंड्या जाहलो, वरणभात बंद. मग बाईसाहेब वाटी घेऊन मोहिमेस निघाल्या. प्रथम चिऊचा घास पुढे केला. जबाब आला, "चिऊचा चिऊला दे. मला मासा."

आणि अंगारकी! सासूसुना दोघी उपाशी, घरात मासळीचे नाव काढणे गुन्हा. सावित्रीबाईंचे फर्मान सुटले, "उतर गो खाली! पडलीस तर दात पडतील."

"पक्ष्यांना दात नसतात, आजी."

मग सावित्रीबाई सुनेवर घसरल्या, "सांग आणखी परक्या देवांच्या गोष्टी! आपल्या गणपतीने उंदराचा उंदीरच ठेवला, काही अडलं?"

मग बाईसाहेबांनी भाताचा बांगडा वळिला, डोळ्याचे जागी मिरी बसविली, आणि हा चालतो काय म्हणून सासूबाईंस अर्ज केला. बहुत मसलत करून हुकूम जाहला की चालेल, परंतु त्यास बांगडा म्हणू नये. मग तो अनामिक मत्स्य गडग्यापाशी रुजू जाहला. कन्येने चोच फिरविली, "हलत नाही."

तेव्हा बाईसाहेब हवालदिल जाहल्या. "माणूस होतीस तेव्हा काय बिघडलं होतं गो तुझं?"

कन्येने टॉवेलाची गाठ आवळिली. "बाबांची बोट बुडली तर? कुणीतरी उडत जायला नको? तुला तर उडता येत नाही."

हे ऐकून बाईसाहेबांस अर्धी टाकिलेली कथा स्मरली. मग सांगितले की, राणी घरट्यात बसते तोवर देव वारा बांधून ठेवितो, एकही तारू बुडत नाही.

"म्हणजे उडायचं नाही?"

"नुसतं बसायचं. आणि पोटभर जेवायचं."

"घरटं कुठाय?"

बाईसाहेबांनी तेथेच भुईवर मांडी घातली आणि गाऊनचा घोळ पसरिला.

खंड्याने सूर मारिला. वरण सांडले, परंतु अनामिक मत्स्य डोक्याकडून भक्षिला गेला, मिरी तेवढी थुंकिली. मग कन्येने एक घास आईचे मुखी दाबिला, "हा माणसाचा." बाईसाहेबांचा उपास मोडला. सावित्रीबाईंनी ते पाहिले नाही, कारण त्यांनी तसे ठरविले.

इतक्यात दर्यावरून हर्षदरावांचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाले, "आज समुद्र काय शांत आहे गो, ताटासारखा!"

"माहीत आहे," कन्या वदली. "मी बसलेय."

येणेप्रमाणे वाटी फत्ते जाहली, वारा बांधिला गेला. बाईसाहेबांचे मांडीस मुंग्या आल्या, परंतु जहाज बंदरास लागेतो घरट्यास उठण्याची परवानगी नाही, हेही नमूद असावे.