व्याह्यांसाठी ऊब

"आज पाहुण्यांनी उबेबद्दल एक जरी तक्रार केली ना, तर हा स्टोव्ह घराबाहेर आणि गॅसची भट्टी घरात," टेबलावर काटे-चमचे मांडता मांडता व्हर्नाने नवऱ्याला बजावले.

"आणि नाही केली तर?" हार्लनने विचारले.

"तर मी पुन्हा गॅसचं नाव काढणार नाही."

हार्लनला एवढेच हवे होते. लेकीचे लग्न ठरले होते, व्याही-विहीण पहिल्यांदाच जेवायला येत होते, बाहेर पारा शून्याखाली वीसवर गेला होता. पण त्याचा सगळा जीव अडकला होता त्या मक्याचे दाणे जाळून घर तापवणाऱ्या स्टोव्हमध्ये. रोज तो टाकीत मका आणि लाकडाच्या भुशाच्या गोळ्या निम्म्या-निम्म्या ओतायचा. आज मात्र जास्त आच मिळावी म्हणून त्याने नुसता मका ओतला, तोही खडखडीत वाळलेला, आणि दाणे आगीत पडायचा वेग वाढवून ठेवला. पाहुणचारात हात आखडता घेणे त्याच्या स्वभावातच नव्हते.

ड्वेन आणि आर्डिस आले तेव्हा घर छान उबदार होते. सूप संपेपर्यंत ते चांगलेच तापले. हार्लन हळूच उठून वेग कमी करायला गेला, तर बटण हातातच आले. स्टोव्हची वीज बंद करावी तर पंखा थांबून धूर खोलीत येणार, खिडकी उघडावी तर व्हर्ना बघणार. बिचारा हसऱ्या चेहऱ्याने परत येऊन बसला.

"ऊब कशी वाटतेय?" व्हर्नाने मुद्दामच विचारले.

"वाईट नाही हं," ड्वेन म्हणाला आणि त्याने स्वेटर काढला. आमच्या मिनेसोटात 'वाईट नाही' ही स्तुतीही असते आणि तक्रारही.

"संकोच करू नका हं. काही खुपत असेल तर सांगा."

"छे हो! मस्त वाटतंय," आर्डिस कपाळावरचा घाम टिपत म्हणाली.

टेबलावरच्या मेणबत्त्या वाकल्या. आर्डिसने हौसेने करून आणलेली हिरवी जेली पातळ झाली आणि तिच्यातला गाजराचा कीस पोहायला लागला. चौघांनी ती निमूटपणे चमच्याने प्यायली.

"जरा सैल झालीय का हो?" आर्डिसने विचारले.

"अजिबात नाही!" यजमान एका सुरात म्हणाले.

एव्हाना ड्वेन बनियनवर आला होता. "माफ करा हं, अगदी घरच्यासारखं वाटतंय म्हणून."

हार्लनला चेव चढला. "मक्याच्या उबेची सर गॅसला नाही!"

"कुठली यायला!" ड्वेनने री ओढली.

"आम्हाला तर बाई हेवाच वाटतो," आर्डिस म्हणाली.

हार्लनने विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिले. व्हर्नाने शांतपणे काटा खाली ठेवला.

"मग तुम्हीच घेऊन जा ना हा स्टोव्ह."



"छे छे, एवढं कसं घ्यायचं!" ड्वेन दचकून म्हणाला.

"घ्या हो. आता तुम्ही काय परके?"

"नको, नको. हार्लनचा जीव आहे त्याच्यावर."

"उलट त्याचीच इच्छा आहे. काय रे, हो ना?"

आमच्याकडे पाहुण्याने दोनदा 'नको' म्हणायचे असते. तिसऱ्यांदा म्हटले तर तो यजमानाचा अपमान. आणि ज्याची तोंडभर स्तुती केली, ती वस्तू व्याह्यांना द्यायला यजमानाने का-कू केली, तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. हार्लनला रडूच यायचे बाकी होते.

"हो, हो," तो म्हणाला. "घ्याच."

"एवढं म्हणताय तर..." ड्वेन पडेल आवाजात म्हणाला.

पुढच्या शनिवारी दोघांनी मिळून स्टोव्ह ड्वेनच्या ट्रकमध्ये चढवला. हार्लन वर मक्याची दहा पोतीही द्यायला लागला. ड्वेनने दोनदा 'नको' म्हटले, आणि मग तीही घेतली.