हिराजीतात्यांची आडवी रेघ

हुसेनमियाँच्या बोकडाची दाढी अधूनमधून नाहीशी व्हायची. चोर कोण, हे सबंध मुरुडला ठाऊक होतं. त्या दाढीचा कुंचला बांधून आमचे शेजारी हिराजीतात्या चिनी अक्षरं काढत बसायचे.

तात्यांचा जन्म बोटीवर खलाशी म्हणून गेला. तिथल्या एका चिनी सुताराकडून त्यांनी ही विद्या उचलली होती. गावी परतले ते एकच ध्यास घेऊन, ही कुणाला तरी शिकवायचीच. पण शिष्य टिकेल तर शपथ! कोळीवाड्यातले तरणेताठे दोन दिवसांत पळाले. एका बाईनं तर तात्यांचा कागद ताईत म्हणून पोराच्या गळ्यात बांधला. त्यात पोराचा ताप उतरला, आणि तात्या आठवडाभर घुश्शात होते.

स्वातंत्र्य येऊन दोन-चार वर्षं झाली असतील. मी पोस्टात नवा लागलेलो, सकाळ मोकळी. आयता सापडलो.

आधी कित्येक दिवस शाईसाठी नुसती काजळी आणि डिंक सहाणेवर उगाळला. देवाच्या गंधासाठी कधी एवढा घाम गाळला नव्हता. मग आडवी रेघ. कुंचला खांबासारखा उभा, कोपर अधांतरी, श्वास रोखलेला. रेघ जायची उजवीकडे, पण कुंचला आधी किंचित डावीकडे न्यायचा. हे कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पागाचं जाळं फेकताना हात आदी मागं जातो का न्हाय?"

शाळेत आम्ही अक्षरं गिरवून वळणावर आणलेली. सवयीनं मी रेघेवरून पुन्हा कुंचला फिरवला, तर तात्यांनी कागदच ओढून घेतला. "मेल्या माशाला परत गळ लावतोस काय?"

पावसाळा सरला, तरी माझी आपली आडवी रेघच. पोस्टात लोक दात काढायला लागले. शेवटी एका सकाळी मी सांगून टाकलं, की तात्या, हे आपल्याच्यानं होणार नाही. उठता उठता भिंतीवरच्या मोठ्या अक्षराचा अर्थ विचारला.

"मला काय ठावं? वाचाय कुठं येतंय मला?"

मी कपाळाला हात लावला. एवढे महिने हा म्हातारा मला काय शिकवत होता?

तात्या उगाळतच राहिले. मग सांगू लागले. सुताराची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची सुताराला. बोटीवर बाकी कुणी दोघांना विचारत नसे. म्हणून काम आटपलं की दोघं समोरासमोर बसून रेघा ओढायचे.

"रेघ न्हाय आली तरी चालंल," मान वर न करता ते म्हणाले. "तू आपला येऊन बसत जा."

मी परत मांडी घातली.