हलका कॅमेरा, पातेल्यासकट

"या वेळी कॅमेरा असा नेईन की खांद्याला पत्ता लागणार नाही आणि डोंगराला कळणारसुद्धा नाही की आपला फोटो निघाला!"

ही घोषणा एक्सरेभाऊंनी जेवता जेवता केली. तोंडात घास होता, पण आवाजात नगारा होता. समोर त्यांचा मेहुणा बसला होता. घोषणा त्याच्यासाठीच होती.

भाऊ आता ज्या सहलीला निघणार होते त्याच सहलीला, त्याच परदेशात, त्याच तळ्याकडे मेहुणा मागच्या वर्षी गेला होता. बर्फाच्या डोंगराखालचं ते निळं तळं पाहायला तासभर चढ चढावा लागतो. मेहुण्याच्या गळ्यात दुधी भोपळ्याएवढी लेन्स, पाठीवर बिऱ्हाड! अर्ध्या चढावर तो जो एका दगडावर टेकला, तो सगळे परत येईपर्यंत तिथेच. तळं त्यानं पाहिलंच नाही. फोटो मात्र भरपूर आणले. सगळे पुढे चढून गेलेल्यांच्या पाठींचे.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "डोंगराचा फोटो म्हणजे हाडांचा फोटो नव्हे."

"का? डोंगर पळून जातात वाटतं?"

"उजेड पळतो!"

"आमच्या खोलीत उजेड आम्ही पाडतो," भाऊ म्हणाले आणि भात कालवू लागले.

भाऊ इस्पितळात एक्सरे काढत. सगळं आयुष्य त्या अंधाऱ्या खोलीत गेलेलं. माणूस आतून कसा दिसतो ते त्यांना तोंडपाठ, बाहेरून कसा दिसतो त्याकडे फारसं लक्ष नाही. त्यांचा एकच सिद्धांत होता: पेशंट खोटं बोलेल, डॉक्टर चुकेल, मशीन खोटं बोलत नाही. आणि सवयी दोन. फोटो काढायचा म्हटलं की ते आधी ओरडत, "श्वास रोखा! हलू नका!" आणि बटण दाबताना स्वतः कशाच्या तरी आड जात. इस्पितळात किरणांपासून वाचायला भिंत असते, घरी ते दाराआड जात. त्यामुळे घरातल्या एकूण एक फोटोंत माणसांचे गाल फुगलेले, डोळे वटारलेले. सगळं कुटुंब कुणीतरी पाण्याखाली बुडवून धरल्यासारखं!

भाऊंच्या बायकोला सारी गल्ली वहिनी म्हणे. वहिनी घरीच केक करून विकत. पहाटे ओट्याशी उभ्या राहिल्या की दुपारपर्यंत त्यांचे हात चालत, आणि हातांबरोबर गळा. ओट्याच्या वर, भिंतीवर, जुन्या कॅलेंडरातून कापलेलं एक चित्र होतं. तेच तळं, तोच डोंगर. कडांना लोण्याचे डाग पडलेले, निळा रंग वाफेनं विटलेला. त्याच्याकडे बघत, अंडी फेटत वहिनी आपल्याच जुळवलेल्या ओळी म्हणत:

निळं निळं पाणी, त्यात पांढरा डोंगर,
माझ्या हाती पीठ, माझं मन त्याच्यावर.

त्या बाईनं जन्मात काही मागितलं नव्हतं. लोकांच्या वाढदिवसांवर साखरेचे डोंगर उभे केले, स्वतःच्या वाढदिवसाला उरलेला चुरा खाल्ला, तोही हसत. सहलीचं ठरलं त्या दिवशी मात्र हात पुसता पुसता त्या म्हणाल्या होत्या, "अहो, तिथं उभी राहीन तेव्हा माझा एक फोटो काढाल? श्वास न रोखता?"

भाऊंच्या काळजात ते वाक्य जाऊन बसलं. बाकी जगाचं काही होवो, हा फोटो निघाला पाहिजे! आणि त्यासाठी चढ चढून वर पोचलं पाहिजे. म्हणजे ओझं हलकं पाहिजे. सगळं कसं सरळ होतं.

कॅमेऱ्याच्या दुकानात त्यांनी मुठीत मावणारा एक छोटा, देखणा कॅमेरा घेतला. "यावर ही एक लेन्स पुरे," दुकानदारानं बजावलं. "हलकं राहायचं असेल तर मोहात पडू नका."

"मोह?" भाऊ हसले. "मी मोजून मापून चालणारा माणूस आहे!"

आणि इथेच घोटाळा झाला. भाऊ मोजायला बसले.

वहिनी सामान आणायला बाहेर गेल्या होत्या. ओट्यावर त्यांचा पीठ मोजायचा काटा होता, जुना, गोल तबकडीचा. भाऊंनी त्यावर कॅमेरा ठेवला. पाव किलो! कॅमेरा की कबुतर? त्यांनी लेन्स ठेवली. काटा जागचा हलेना. ते खाली वाकले, डोळा तबकडीला लावला. शून्य! चार्जर ठेवला. शून्य! फ्लॅश ठेवला. शून्य!

"वा रे विज्ञाना!" भाऊंचे डोळे भरून आले. "वजनच काढून टाकलंय!"

ज्याला वजनच नाही ते घरी कशाला ठेवायचं? भाऊ पुन्हा दुकानात गेले. लांबच्या डोंगरासाठी एक लेन्स आणली, जवळच्या फुलांसाठी एक आणली, आणि दोन्हींच्या मधल्या जगावर अन्याय नको म्हणून तिसरी. एकेक काट्यावर चढली, एकेक शून्य ठरली. ट्रायपॉड आला. दुर्बीण आली. पावसासाठी कॅमेऱ्याचा रेनकोट आला. अख्खी पिशवी काट्यावर मावत नव्हती, म्हणून भाऊंनी सुट्या वजनांची बेरीज केली. जेमतेम दीड किलो! मग त्यांनी पिशवी ऐटीत खांद्यावर टाकली आणि खांदा कमरेपर्यंत खाली आला.

"अरेच्चा!" भाऊ म्हणाले.

दुसरा कुणी असता तर त्यानं काट्याकडे संशयानं पाहिलं असतं. भाऊंनी खांद्याकडे पाहिलं. मशीन खोटं बोलत नाही. मग बिघडलंय काय? हाड!

संध्याकाळी मेहुणा आला. त्यानं पिशवी उचलली, "आई गं!" म्हणून खाली ठेवली आणि विचारलं, "दाजी, खलबत्ता भरलाय का यात?"

भाऊंनी त्याच्याकडे अपार करुणेनं पाहिलं. "तुलासुद्धा?"

"मलासुद्धा काय?"

"दीड किलोची पिशवी उचलवत नाही तुला. या वयात! उद्या सकाळी माझ्याकडे ये. उपाशीपोटी आलास तरी चालेल."

"दाजी, अहो दीड किलो कसली, ही..."

"पेशंटला नेहमी असंच वाटतं," भाऊ म्हणाले.

भाऊंच्या आवाजात असा काही गंभीरपणा होता की मेहुणा घाबरला. सकाळी तो खरोखरच इस्पितळात गेला. "श्वास रोखा! हलू नका!" खांदा निघाला, कण्हत कण्हत दुसराही निघाला. मग भाऊंनी बरोबर काम करणाऱ्या माणसाकडून स्वतःचाही खांदा काढून घेतला. इमारतीच्या रखवालदारानं पिशवी उचलून देताना "हुश्श" केलं होतं, म्हणून त्यालाही बोलावून ठेवलं. हाडांच्या डॉक्टरांनी सगळे फोटो उजेडावर धरले.

"भाऊ, ही हाडं की रेल्वेचे रूळ? काही झालेलं नाही कुणाला!"

भाऊंनी मान हलवली. डॉक्टर चुकतात, हे त्यांना ठाऊकच होतं. येताना त्यांनी हाडं मजबूत करायच्या गोळ्यांची मोठी बाटली आणली, आणि वहिनींनी बघू नये म्हणून तांदळाच्या डब्यामागे लपवली.

आता केक करणाऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे काही लपतं का? वहिनींना बाटली दिसली. भाऊ दाराआड उभे राहून गोळी गिळताना दिसले. खांदा चोळताना, उसासे टाकताना दिसले. दोन दिवस त्यांनी पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी भावाला फोन केला, जरा ये. मेहुणा आला आणि ओट्याशी घुटमळू लागला.

"काय लपवताय रे दोघं?" वहिनींनी विचारलं.

"ताई, मी म्हटलं नाही तुला..." मेहुण्याचा चेहरा पडला. "दाजींनी माझा एक्सरे काढला. स्वतःचाही काढला. नॉर्मल आहे म्हणतात. पण दाजींचा विश्वास नाही बसत. त्यांना आतून काहीतरी जाणवतंय."

वहिनींचा हात थांबला. ओळ ओठांवरच राहिली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी भिंतीवरचं चित्र हळूच काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग शांतपणे म्हणाल्या, "अहो, मला नाही जायचं त्या तळ्याला."

भाऊंनी हातातला पेला खाली ठेवला. "काय?"

"चित्र आहे ना भिंतीवर! इथूनच बरं दिसतं. उगीच चढ, उगीच थंडी. तुम्ही घरी आराम करा. मी तुम्हाला मऊ खिचडी करून घालीन."

"अगं, पण तुझा फोटो!"

"फोटोचं काय घेऊन बसलात? माणूस महत्त्वाचा." आणि वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "मला सगळं कळलंय. खांदा. गोळ्या. एवढं सोसलंत, मला एका शब्दानं सांगितलं नाहीत!"

भाऊंना वाटलं होतं तळं आपल्यापासून फक्त एका चढावर आहे. आता ते पुन्हा ओट्यावरच्या चित्रात परत निघालं होतं. त्यांनी सगळं ओकून टाकलं. दीड किलोची पिशवी, खचलेला खांदा, मेहुण्याचं कण्हणं, रखवालदाराचं हुश्श. "मला तर वाटतं," ते हळू आवाजात म्हणाले, "साऱ्या इमारतीलाच काहीतरी झालंय. पाण्यातून असेल."

वहिनींनी पदर खाली घेतला. "वजन कशावर केलंत?"

"तुझ्या काट्यावर."

"पातेलं ठेवून?"

"पातेलं? कुठलं पातेलं?"

वहिनी उठल्या. फळीवरून त्यांनी जाड बुडाचं स्टीलचं पातेलं काढलं, ज्यात त्या रोज पीठ घेत, आणि काट्यावर ठेवलं. काटा शून्यावर. पातेलं काढलं. काटा तरीही शून्यावर!

"हा काटा मी पातेल्यासकट शून्यावर आणून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "म्हणजे पातेल्याचं अर्धा किलो वजन धरतच नाही तो. आणि शून्यापाशी हा खिळा आहे, बघा. त्याच्या खाली काटा जात नाही. पातेलं न ठेवता काहीही मोजलं की प्रत्येक वस्तूतून अर्ध्या किलोपर्यंत गायब!"

भाऊ बोटांवर बेरीज करू लागले. प्रत्येक लेन्समागे अर्धा किलो. ट्रायपॉडमागे अर्धा किलो. दुर्बिणीमागे, चार्जरमागे... खांद्यावरचं सगळं ओझं त्यांना एकाएकी समजलं.

आणि मग वहिनी हसल्या. आधी नाकातून, मग गळ्यातून, मग साऱ्या अंगातून. ओट्याला धरून, खुर्चीला धरून, शेवटी भाऊंनाच धरून हसल्या. "माझ्या भावाचे... दोन्ही खांदे..." एवढंच त्यांना बोलता आलं.

हसू ओसरल्यावर मात्र त्यांनी पिशवी ओतली. केकवर काय घालायचं हे ज्याला कळतं त्याला काय घालायचं नाही हे आधी कळतं. लेन्सांच्या रांगेवरून त्यांनी नजर फिरवली, आणि भरल्या ताटातून खडा वेचावा तशी एकेक वस्तू बाजूला केली. "ही लांबच्या डोंगरासाठी? आपण जवळच जाणार. ही फुलांसाठी? फुलं मी डोळ्यांनी बघीन. हा तीन पायांचा कशाला? दगड असतील की तिथे." शेवटी उरला मुठीतला कॅमेरा आणि दुकानदारानं दिलेली ती पहिली लेन्स. "पुरे," त्या म्हणाल्या. एका शब्दात दुकानदार, मेहुणा आणि साऱ्या परदेशाचा निकाल लागला! भाऊ कौतुकानं बघत राहिले. एवढी वर्षं ते माणसांच्या आत बघत होते. ही बाई न बघता जोखत होती.

वहिनी झोपायला गेल्यावर भाऊंनी पातेलं काट्यावर चढवलं, त्यात कॅमेरा ठेवला आणि आकडा बघून समाधानानं पिशवी बंद केली.

विमानतळावर सुरक्षेच्या बाईंनी पिशवी उघडली आणि दोन बोटांनी पातेलं वर उचललं. "हे काय आहे?"

"काट्याचं पातेलं," भाऊ म्हणाले.

वहिनींनी डोळे विस्फारले. "अहो! पातेलं कशाला आणलंत?"

"तूच म्हणालीस ना? काटा पातेल्यासकटच खरं बोलतो. मोजलंय पातेल्यासकट, मग भरायचंही पातेल्यासकट! ते काढलं तर आकडा पुन्हा खोटा नाही का होणार?"

वहिनींनी सुरक्षेच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी वहिनींकडे पाहिलं. दोघींना एकमेकींचा सगळा संसार कळला. बाईंनी पातेलं हळूच परत ठेवलं.

चढ मात्र झाला! मेहुणा जिथे बसला होता तो दगड आला आणि मागे गेला. आणि वळणावर एकदम ते समोर उभं राहिलं. निळं तळं, पांढरा डोंगर, पाण्यात दुसरा डोंगर उलटा निजलेला. ना डाग, ना वाफ. वहिनी काठाशी गेल्या आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. हातात पीठ नव्हतं, पिशवी नव्हती, काहीच नव्हतं. गळ्यातून ओळ आपसूक आली, नवी:

निळं निळं पाणी, त्यात पांढरा डोंगर,
आज हात रिकामे, उभी मी काठावर.

भाऊंनी दगडावर पातेलं ठेवलं, त्यात काठावरचे गोटे भरले आणि त्या गोट्यांत कॅमेरा अलगद बसवला. कॅमेऱ्याबरोबर आलेलं, लांबून दाबायचं बटण हातात घेतलं. गळा साफ केला. "श्वास रो..." एवढं तोंडातून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. पण पाय कुठे ऐकतात? सवयीनं ते धावले आणि एका खडकाआड जाऊन बसले! मोकळ्या डोंगरावर, लख्ख उन्हात, सगळ्या प्रवाशांदेखत किरणांपासून लपलेला आपला नवरा बघून वहिनी अशा हसल्या, अशा हसल्या, की पाण्यातला डोंगरही थरथरला असेल. त्याच क्षणी खडकाआडून बटण दाबलं गेलं.

आता ओट्याच्या वर कॅलेंडरच्या चित्राच्या जागी तो फोटो आहे. तळं आहे, डोंगर आहे, आणि त्या दोघांपेक्षा मोठं हसू आहे. केक न्यायला येणारी माणसं केक विसरून बघत राहतात.

मेहुणा पहिल्यांदा आला तेव्हा फोटोला नाक लावून उभा राहिला. मग कौतुकानं म्हणाला, "मानलं दाजी! हार पत्करली. पण हे खाली कोपऱ्यात चमकतंय ते काय? चंद्रकोरीसारखं? कुठला फिल्टर लावलात?"

भाऊंनी घसा खाकरला, वहिनींकडे चोरून पाहिलं आणि अगदी जाणकारासारखं म्हणाले, "आहे एक. वजनाला शून्य."

तेवढ्यात ओट्याशी वहिनींनी त्याच पातेल्यात पीठ ओतलं.