गाडीला नावं ठेवायची असतात

वस्तू आवडली की आधी तिला नावं ठेवायची, हा तपासनिसांचा जन्मभराचा नियम होता. शर्टांच्या कारखान्यात ते बावीस वर्षं तयार माल तपासत होते. इथे काज तिरकं, तिथे कॉलर वाकडी, पलीकडे टाका सुटलेला! दिवसाला चारशे शर्टांना नावं ठेवून ते घरी यायचे, आणि तोंड थांबत नसे म्हणून घरातल्या पडद्यांनाही ठेवायचे. अशा माणसाला जुन्या गाडीच्या सौद्यात कोण फसवणार!

"तुम्ही दोघी फक्त गप्प राहा," त्यांनी निघताना बायकोला आणि आईला बजावलं. "गाडी आवडली तरी तोंडावर दिसता कामा नये. मी एकेक दोष काढत जातो, भाव आपोआप खाली येतो."

"पण तुम्हाला गाडीतलं कळतं काय?" बायकोने विचारलं. गाडी चालवायला ती शिकली होती, परवानाही तिचाच होता. तपासनीसही शिकायला गेले होते, पण तिसऱ्या दिवसापासून शिकवणारा माणूसच यायचा बंद झाला.

"दोष काढायला कळावं कशाला लागतं?" तपासनीस म्हणाले.

लग्नाला अठरा वर्षं झाली होती, त्यामुळे बायकोला हे मान्य करावं लागलं.

गाडी हवी होती ती आईसाठी. दोन वर्षांपूर्वी बसच्या पहिल्याच पायरीवर तिचा गुडघा अडला, आणि त्या दिवसापासून ती घरात बसली ती बसलीच. तिची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. "कधी येतेस?" ती फोनवर विचारायची. "गुडघे जरा बरे होऊ देत, येतेच," आई सांगायची. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ खिडकीशी बसून राही, आणि तपासनिसांना ते बघवत नसे. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. जुन्या सात पाहून झाल्या. प्रत्येकीत आई बसायची झोकात, पण उठता यायचं नाही! सीट इतकी खाली असायची की शेवटच्या वेळी तिला बाहेर काढायला तपासनीस, बायको आणि गाडी विकणारा असे तिघे लागले, आणि त्यात विकणाऱ्याच्या कमरेत उसण भरली.

"मी काय विहिरीत पडलेली घागर आहे का रे?" आई त्या दिवशी म्हणाली होती. "आता एकच बघेन. ती नाही जमली तर पुन्हा मला कुठे नेऊ नकोस."

तर ही ती आठवी गाडी. पंधरा वर्षांची, एकेकाळी पांढरी. मालकीण एक निवृत्त परिचारिका होत्या. गल्लीत सगळे त्यांना सिस्टर म्हणत. अंगणात गाडी पुसून उभी होती. सिस्टरांनी इंजिन सुरू केलं आणि पुढचं दार उघडलं. आई बसली. मग तिने दाराच्या चौकटीला हात लावला आणि उठली.

आपली आपण उठली! कुणी ओढलं नाही की ढकललं नाही. पुन्हा बसली, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा हसत होती. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तपासनिसांनाही गाडी तिथेच आवडली, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी बायकोकडे डोळे वटारले, घसा खाकरला आणि बॉनेटला कान लावला.

"इंजिन खोकतंय!"

सिस्टरांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी पिशवीतून वही काढली. "कधीपासून?"

"अं? म्हणजे... आत्ताच ऐकलं."

"थंड असताना, की तापल्यावर?"

"दोन्ही वेळा!"

सिस्टरांनी लिहून घेतलं. समोरचा माणूस आपलं म्हणणं लिहून घेतोय म्हटल्यावर तपासनिसांना चेव चढला. ब्रेक उशिरा लागतात, ते म्हणाले. गाडी तोवर जागची हललीसुद्धा नव्हती. स्टिअरिंग डावीकडे ओढतंय, खालून काहीतरी गळतंय... बायको खोकली, मग तिने पाय आपटला, पण तपासनीस आता कुणाचं ऐकणार! शेवटी त्यांची नजर आईच्या सीटवर गेली, आणि हा तर त्यांच्या हातचा विषय होता.

"ही सीट मूळची नाही. कुणीतरी उसवून परत शिवलीय. तीही हाताने! अगदी अडाणी काम."

सिस्टरांनी तेही लिहिलं. मग वही मिटली, इंजिन बंद केलं आणि किल्ली पिशवीत टाकली.

"बरं झालं तुम्ही आलात," त्या म्हणाल्या. "मला ह्यातलं काहीच कळत नाही. चाळीस वर्षं मी माणसं सांभाळली, आणि आता असल्या गाडीत ह्यांना बसवून पाठवू? नाही विकायची मला. उद्याच भंगारवाल्याला बोलावते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! तपासनिसांच्या पायांखालची जमीन सरकली.

"अहो, इतकं काही नाही! ब्रेक लागतात हो. उशिरा म्हणजे... वेळेच्या आतच, पण जरा उशिरा!"

"आणि खोकला?"

"खोकला नव्हे, खाकरते जरा. सकाळी आपण नाही का खाकरत?"

"पेशंटला घरी न्यायची घाई झालेले लोक असंच बोलतात," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी मेकॅनिकला फोन लावला.

गेली पंधरा वर्षं ही गाडी त्यानेच सांभाळली होती. दहा मिनिटांत तो आला, वही वाचली आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "कुठल्या शहाण्याने लिहून दिलं हे?"

सगळ्यांनी शहाण्याकडे पाहिलं.

"आई, तू उतर जरा," शहाणे पुटपुटले.

"मी नाही उतरणार," आई म्हणाली.

मग मेकॅनिकने सिस्टरांकडून किल्ली घेतली, आणि आई पुढे, तपासनीस मागे आणि स्टिअरिंगवर मेकॅनिक अशी फेरी निघाली. कोपऱ्यावर त्याने ब्रेक दाबला. आईने पट्टा लावलेला होता. तपासनिसांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"उशिरा लागला का, साहेब?"

"नाही," कपाळ चोळत साहेब म्हणाले.

सरळ रस्त्यावर मेकॅनिकने स्टिअरिंगवरचे हात काढले. गाडी शाळेच्या रांगेसारखी सरळ गेली. अंगणात परतल्यावर त्याने तपासनिसांना गाडीखाली पाठ टेकून झोपायला लावलं. "दाखवा, काय गळतंय!" एक थेंब बरोबर त्यांच्या नाकावर पडला. "हे बघा! हेच!" ते आनंदाने ओरडले. "ते एसीचं पाणी आहे," मेकॅनिक म्हणाला. "निघा बाहेर."

धुळीने माखलेले तपासनीस बाहेर आले तेव्हा मेकॅनिक शेवटची ओळ वाचत होता. ती मात्र त्याने मोठ्याने वाचली नाही.

"ते खरं आहे," सिस्टर म्हणाल्या. "ती सीट मीच शिवली. आमच्या ह्यांचेही गुडघे गेले होते. ह्या मेकॅनिक भाऊंनी खाली फळी बसवून दिली, मी फोम घातला आणि वरून टाके घातले. शेवटची तीन वर्षं ते त्यावरून आपले आपण उठायचे. हात दिला तर रागवायचे."

तपासनीस वाकले आणि त्यांनी ती शिवण पहिल्यांदाच नीट पाहिली. टाका टाक्याला सारखा, कोपऱ्यांवर दुहेरी, गाठ आत दडवलेली. आपल्याला अजून शरम वाटू शकते, हे त्यांना बऱ्याच वर्षांनी कळलं.

"काम उत्तम आहे," ते म्हणाले. "सिस्टर, गाडीत काहीच दोष नाही. मी खोटं बोललो. भाव पाडायचा होता. खरं म्हणजे आई त्या सीटवरून उठली तेव्हाच मला गाडी घ्यायची होती. सात गाड्यांत ती उठू शकली नाही हो."

सिस्टर आईकडे वळल्या. "तुम्हाला हवी आहे का?"

"मी कधीची बसलेय," आई म्हणाली.

सिस्टरांनी मेकॅनिककडून किल्ली घेतली आणि पुढे केली. "एवढंच आधी सांगायचं होतंत. तुमच्या आईंसाठी म्हणून मी बरेच कमी करणार होते."

"किती?" तपासनिसांच्या तोंडून निघून गेलं. बायकोने चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

"आता नाही करणार," सिस्टर म्हणाल्या. "आणि मेकॅनिकच्या फेरीचे तुम्ही द्या."

गाडी घरी आली. तपासनीस पूर्वीसारखेच बसने कामावर जात राहिले. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दाराची बेल वाजवली. आतून काही आवाज नाही. पुन्हा वाजवली. मग त्यांचं लक्ष खाली गेलं, आणि दाराला कुलूप दिसलं. दोन वर्षांत ह्या दाराला संध्याकाळी कुलूप कधी नव्हतंच, त्यामुळे किल्ली बरोबर ठेवायची सवय मोडली होती.

त्यांनी बायकोला फोन लावला. मागे हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता.

"आम्ही मावशींकडे! दोघी बहिणींच्या गप्पा संपतच नाहीत. थांबा, आईंना देते."

"आई, अगं मी दाराबाहेर उभा आहे!"

"मग बस की पायरीवर," आई म्हणाली. "मी दोन वर्षं थांबले, तू दोन तास थांब."

तपासनीस पायरीवर बसले. रस्त्यावरून जाणाऱ्या एकदोघांनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा "आई बाहेर गेलीय," असं त्यांनी जरा मोठ्यानेच सांगितलं. इतक्या आनंदात ते आजवर कुठेच ताटकळले नव्हते.

तिला तीन तास लागले.