दिनकर लाइनमन आणि गाण्यांची तार

दिनकर लाइनमनला दोन घरं शेजारी दिसली की त्यांच्यात तार ओढल्याशिवाय चैन पडत नाही. घरात माणसं आहेत का, त्यांना एकमेकांशी बोलायचंय का, ही चौकशी तो नंतर करतो. आधी तार.

टेलिफोन खात्यात त्याची सगळी नोकरी खांबावर गेली. आता रिटायर होऊन कुंडलला आहे, पण मनानं खांबावरून उतरलेला नाही. आमच्या दोघांच्या घरांत मधली भिंत एकच. अंगणाभोवतीचं दगडी कुसू माझ्या छातीएवढं. त्यावर चढतानाही हा कमरेला पट्टा बांधणार. मी म्हटलं, "दिनकर, हितनं पडलास तर हुबाच ऱ्हाशील की रं."

"दादा, रूल म्हंजे रूल," म्हणाला.

बोलणंही खात्यातलंच. चहा गार झाला तर "चा डेड हाय." शेळी आटली तर "शेळीत फॉल्ट हाय." त्याच्याकडं वाटीभर कालवण पाठवा, चव कशी होती ते सांगणार नाही. कुसवावरनं ओरडून एवढंच कळवणार, "पोचलं!"

आमच्या आळीत दोन सख्खे भाऊ बांधावरनं भांडून बोलेनासे झाले होते. दिनकरनं कुणाला न विचारता त्यांच्या घरांमध्ये इंटरकॉम ओढला. पहिल्याच दिवशी दोघं त्यावरनं एकमेकांच्या सात पिढ्या काढायला लागले. बायका रडायला लागल्या. दिनकर मात्र मधोमध उभा राहून खूश. "आवाज कसा खणखणीत जातोय बघा! इतक्या वर्षांत एवढं तरी बोलले व्हते का?"

त्याचं लग्न झालेलं नाही. बदल्यांत राहून गेलं, म्हणतो. घरात तो आणि ती शेळी.

आता माझं सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस, जन्म साखर कारखान्याच्या बॉयलरपुढं गेला. माझी बायको अनुसा दिवाळीच्या तोंडाला वारली. सांगलीच्या दवाखान्यात नेली, उपयोग झाला नाही. ती होती तोवर आमच्या घरात टेप पहाटेपासून वाजायचा. भाकरी थापताना वाजायचा, भांडी घासताना वाजायचा. रात्रपाळी करून आलो तरी "जरा बारीक कर" म्हणायची सोय नव्हती. "कानात बोळं घाला," म्हणायची. ती गेली आणि मी टेपवर टॉवेल टाकला. पाटणची लेक आली होती, ती म्हणाली, "आबा, लावू का?" मी अंगावर ओरडलो. ऐकणारी गेली, वाजवायचं कुणासाठी?

पै-पाहुणे येऊन गेले, घर रिकामं झालं, तेव्हा दिनकर आला. टॉवेल उचलून टेपची मागची बाजू बघत म्हणाला, "दादा, ही लाइन कवापत्तर डेड ठेवणार?"

"कायमची."

"तसं चालत न्हाई. कंप्लेंट आली की रिपेर करावंच लागतं."

"कंप्लेंट कुनी केली?"

त्यानं टॉवेल होता तसा टेपवर टाकला आणि गेला.

त्या सालात सगळीकडं कॉम्प्युटरचं खूळ होतं. कडेगावला क्लास निघाला होता. दिनकर तिथं नाव घालून आला आणि पोरींच्या पुढच्या रांगेत जाऊन बसायला लागला. रोज मॅडमना एकच प्रश्न, "मॅडम, ह्येचं अर्थिंग कुठं हाय?" पुढं तो क्लास बंद पडला. दिनकरच्या प्रश्नानं नाही, आपोआप पडला. तिथली कॉम्प्युटरची दोन जुनी खोकी त्यानं टेम्पोत घालून आणली. एक स्वतःच्या घरात ठेवलं आणि दुसरं सरळ माझ्या खिडकीपाशी आणून मांडलं.

"ह्ये माझ्याकडं कशाला?"

"गाणी माझ्या खोक्यात भरायची. ती तारंनं तुमच्या खोक्यात येणार. तितनं वायर टेपला. वाजणार तुमच्या टेपवर."

"अरं, गाणी तुझ्याकडंच हायत तर तुझ्याकडंच वाजीव की!"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसा मीच खुळा. "तसं न्हाई व्हत, दादा."

"का न्हाई व्हत?"

"टेक्निकल हाय."

हाकलून द्यावं असं मनात होतं. पण बायको गेल्यापासून माझ्याशी भांडायलाही कुणी आलं नव्हतं. म्हटलं, करू दे. वाजणार तर नाहीच.

भिंत एकच, भोक पाडलं असतं तर हातभर तारेत काम झालं असतं. पण दिनकरला ते कमीपणाचं वाटलं. "भिंतीतनं काय उंदीर सोडायचाय व्हय? लाइन म्हंजे वरनं गेली पायजे." मग अंगणात खड्डा, खड्ड्यात लाकडी मेढ, आणि केबलवाल्याकडची काळी तार त्याच्या खिडकीतनं निघून मेढीवर, मेढीवरनं आमच्या जांभळीवर, जांभळीवरनं माझ्या खिडकीत. सगळी आळी बघायला गोळा झाली. हा पट्टा बांधून मेढीवर, आणि खालनं बाया विचारतायत, "भावजी, ह्येच्यातनं पानी येतंय का करंट?"

"गाणी येत्यात!"

"व्हय, आन मग जेवान कशातनं येतंय?"

तार बसली. दोन्ही टोकांना त्यानं चकचकीत धातूच्या छोट्या टोप्या बसवल्या. म्हणाला, ह्या टोप्या न्हाईत तर आवाज टोकाला आपटून माघारी फिरतो. मग मला पडदा दाखवायला बसला. गाण्यांच्या फोल्डरवर काहीतरी दाबलं तर त्याखाली एक हात उमटला. ताट पुढं केल्यासारखा. "ह्यो माझा हात. आता ह्यातलं तुमी तिकडनं घ्यायचं." मला ते चित्र आवडलं, खोटं का बोला.

पण वाजेना. दिनकरनं अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं, वाजेना. तार सोडून पुन्हा बांधली, वाजेना. जेवण सोडून हा माझ्या खिडकीत आणि मी त्याच्या. "दाबा, दादा!" "दाबलं रं!" "काय दिसतंय?" "काय बी न्हाई!" आणि कसं झालं कुणास ठाऊक, मलाच चेव आला. बॉयलर बंद पडल्यावर चढायचा तसा. सकाळी उठलो की आधी पडदा बघायचो, मग तोंड धुवायचो. टेपवरचा टॉवेल कधी काढला ते लक्षातही नाही.

तिसऱ्या दिवशी दिनकर खिडकीपाशी टोक चाचपत होता आणि एकदम ओरडला, "टोपी कुठाय?"

माझ्या बाजूची टोपीच गायब. पलंगाखाली बघितलं, अंगण झाडलं, शेळीवर संशय घेतला. तेवढ्यात माझं लक्ष समोरच्या ओट्यावर गेलं. शेवंताबाई वाकळ शिवत बसल्या होत्या. आदल्या दिवशी आमच्या तारेवर वाकळ वाळत टाकली होती ती त्यांनीच. ओढून काढताना हिसका बसला असणार, टोक खिडकीबाहेर आलं असणार, टोपी अंगणात पडली असणार. ती आता शेवंताबाईंच्या बोटावर होती. सुई ढकलायला.

दिनकर कुसवावर पट्ट्याशिवाय चढला. पहिल्यांदाच बघितला. "आवं शेवंताबाई! सगळं नेटवर्क तुमच्या बोटात हाय!"

"आगं बया!" म्हणत बाईंनी हात झटकला. "मला चावंल का ते?"

टोपी आली, बसली, दिनकर पळत त्याच्या घरात गेला. मी माझ्या खुर्चीवर. "दाबा!" दाबलं. पडद्यावर तो हात दिसला, हातावर गाण्यांची यादी, पहिल्यावर टिचकी मारली आणि टेपमधनं खरखर झाली, आणि वाजलं! असं वाजलं की जांभळीवरची पाखरं उडाली. आळी ओरडली. शेवंताबाईंनी सुईसकट टाळ्या वाजवल्या. ते भांडलेले दोन भाऊ एकाच दारातनं आत शिरले. मी खुर्चीवरनं उठून उभा राहिलो आणि का उभा राहिलो ते कळेना.

पहिली वंदना लागली होती. ती संपली, भीमगीत लागलं. मग पाळणा. मग एकदम ठसक्यात लावणी. माणसं हसली, म्हणाली, पाळण्यावर लावणी कोण लावतं?

अनुसा लावायची. वंदनेला चूल, भीमगीताला भाकरी, पाळण्याला भांडी, आणि काम उरकलं की लावणी. असला क्रम जगात दुसऱ्या कुणाचा नसणार. दिनकरला मी तो कधी सांगितला नव्हता.

लोक त्याला हुडकत होते, खांद्यावर घ्यायचं म्हणत होते. मी त्याच्या घरात गेलो. खोकं नुसतंच चालू होतं, त्याच्याकडं दिनकरचं लक्षही नव्हतं. हा जमिनीवर बसलेला, मधल्या भिंतीला पाठ लावून, पाय लांब सोडून, डोळे मिटून.

"दिनकर, भाईर ये की. लोक थांबल्यात."

"जरा थांबा, दादा. हितं लय ब्येस येतंय."

मी शेजारी टेकलो. भिंतीतनं आवाज येत होता. जाड, थोडा बसका, पाठीला जाणवणारा.

"वैनींची वंदना लागली की मी उठायचो," तो डोळे न उघडता म्हणाला. "पाळणा लागला की आंघूळ. लावणीला शेळी सोडायची. एकट्याच्या घरात दुसरं काय सांगणार हुतं, दिवस उजाडला म्हनून? वैनी गेल्या, तुमी टेप झाकला. माझ्याकडं लावून बघितलं मी. सगळी हीच गानी. पर आपुनच लावायची न् आपुनच ऐकायची... न्हाई जमत, दादा. पलीकडनं आली पायजेत."

लावणी संपेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसलो.

घरी आलो तेव्हा माणसं आपापल्या कामाला गेली होती. मी टेप उचलला, त्याचं तोंड मधल्या भिंतीकडं केलं आणि आवाज अनुसा ठेवायची तेवढा वाढवला.

तेव्हापासून माझ्या खोलीत गाणी जरा दबकीच येतात. येऊ देत.