जनूभाऊंचे पाहुणे

आचोळ्याला राहणारे जनूभाऊ रोज सकाळी आपल्या अंगणात परक्या बायकांना आंघोळ घालत असत. निदान आमच्या कचेरीत आलेल्या तक्रारीत तरी तसंच लिहिलं होतं.

तक्रार करणारे गृहस्थ शेजारच्या नव्या इमारतीत राहायला आले होते. भिंतीपलीकडून त्यांच्या कानावर रोज पडे, "सावंतबाय, चला, आंघोल करून घ्या. कदमबाय, तुमी जरा उन्हात बसा. परबबाय, आज मान का टाकली?" गृहस्थ सज्जन होते. भिंतीवरून डोकावणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही. त्यांनी सरळ अर्ज केला: रहिवासी विभागात विनापरवाना लॉज चालू असून महिलांची उघड्यावर गैरसोय होत आहे, तरी चौकशी व्हावी.

चौकशी माझ्याकडे आली. नगररचना विभागात मी नवाच होतो. माझे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या गुरांमागे फिरले. गावच्या मास्तरांनी वह्यापुस्तकं पुरवली म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. छापील अक्षरानं मला पोटापाण्याला लावलं होतं, त्यामुळे माझा त्याच्यावर फार विश्वास. जगातल्या प्रत्येक गोष्टीला विकास नियमावलीत कुठेतरी जागा असणारच, ती सापडत नसेल तर आपला अभ्यास कमी, असं मला मनापासून वाटे.

जनूभाऊंचं फाटक उघडलं आणि सावंतबाई दिसल्या. ती तुळस होती. कदमबाई म्हणजे मोगरा. परबबाई खरोखरच मान टाकून बसल्या होत्या. जास्वंद होती ती. चारी बाजूंनी इमारतींनी घेरलेल्या त्या तुकड्यात कुंड्याच कुंड्या मांडलेल्या होत्या.

"कोकनात जातात ना सगली," जनूभाऊंनी समजावलं. "मे म्हयना, गनपती. फ्लॅटला कुलूप. मंग गॅलरीतल्या तुलशीला पानी कोन घालनार? इथं आनून ठेवतात. जे काय हातावर ठेवतील ते ठेवतील."

"पण तुम्ही त्यांना नावानं का हाका मारता?"

"पाहुना हाय, भाऊ. पाहुन्याला काय 'ए कुंडी' म्हनायचं?"

हा त्यांचा ठरलेला शब्द. 'पाहुना हाय' म्हटलं की वाद मिटला. एका कोपऱ्यात दोन कुंड्या मुद्दाम लांब लांब ठेवलेल्या पाहून मी कारण विचारलं, तर ते आवाज उतरवून म्हणाले, "एकाच जिन्यातल्या हायत. दोघींचं टँकरच्या पान्यावरून वाजलंय. इथं तरी शांतता नको?" मालकीण कुंडी न्यायला आली की ते हवालही देत, "पयले दोन दिस तुमच्याबिगर गप्प होती. मंग रुलली." आणि सासरी निघालेल्या लेकीला द्यावीत तशी वर चार केळी बांधून देत.

कचेरीत आलो आणि नियमावली उघडली. लॉज म्हणावं, तर पाहुण्यांना पलंग नव्हते. पाळणाघर रहिवासी विभागात चालतं, म्हणून मी आमच्या पाटणकर साहेबांना तसं सुचवलं.

"वा!" साहेब म्हणाले. "मग तुळशीचा जन्मदाखला घेऊन ये."

"गोदाम, साहेब?"

"गोदाम म्हटलंस तर त्या म्हाताऱ्याला पार कामणच्या औद्योगिक पट्ट्यात जावं लागेल. आणि गोदामातला माल पाणी पितो का रे?"

साहेब तोंडाने कडक, पण मनाने वाट शोधणारे होते. त्यांनीच ती काढली: रोपवाटिका. त्या जागेवर रोपवाटिका नियमात बसत होती. फक्त रोपवाटिकेत रोपांची विक्री व्हायला हवी. "एक विकलं तरी पुरे," साहेब म्हणाले. "चल, मीच घेतो एक. पुण्य तुला, झाड मला."

आम्ही दोघं आचोळ्याला गेलो. जनूभाऊंनी खुर्च्या पुसून दिल्या, ताक दिलं. विक्रीचं ऐकून मात्र ते हसायलाच लागले. "पाहुन्याला विकतात काय, साहेब?"

"अहो, यांना नका विकू. तुमचं स्वतःचं काही असेल ना?"

जनूभाऊ ताकाचे पेले गोळा करू लागले. मागच्या बाजूला, विहिरीच्या कठड्याशी, एक सोनचाफा होता. कुंडीत असूनही माझ्या डोक्याच्या वर गेलेला. कुंडीला उभा तडा गेला होता आणि तिला काथ्यानं आवळून बांधलं होतं. तळातून मुळं बाहेर आली होती.

"हा कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या सुऱ्याचा. पोरगा माजा."

सुरेश नोकरीला नाशिककडे गेला, तेव्हा ही कुंडी ठेवून गेला होता. घर मिळालं की नेतो म्हणाला होता. घर मिळालं, लग्न झालं, मूलही झालं. "ह्याला बगून सावंतबाय म्हनाल्या, माजीपन ठेवा. तिथून हे सगलं सुरू झालं."

"मग हा तर घरचाच. हा द्या मला," साहेब म्हणाले. "आजच्या आज मंजुरी देतो."

"नाय साहेब. हा सगल्यात जुना पाहुना हाय."

मला राहवलं नाही. हातातोंडाशी आलेला निकाल जात होता. मी म्हटलं, "भाऊ, मग निदान जमिनीत तरी लावा. मरेल तो कुंडीत."

जनूभाऊ काथ्याची गाठ चाचपत म्हणाले, "जमिनीत लावला, तर तो न्यायला कशाला येल?"

आम्ही कचेरीत परतलो. आठवडाभर साहेबांनी टिप्पणी टेबलावर तशीच ठेवली. शेवटी 'कोणत्याही अनुज्ञेय वापरात बसत नाही' हे वाक्य त्यांनी लिहिलं आणि मी टाइप केलं. गंमत म्हणजे, मधल्या काळात तक्रारदार गृहस्थांना खरी हकिगत कळली आणि ते तक्रार मागे घ्यायला आले. जाता जाता विचारत होते, त्यांचा मनीप्लांट तिथे ठेवता येईल का. पण तोवर कुंड्या हलवण्याची नोटीस बजावून झाली होती.

लोक येऊन आपापल्या कुंड्या घेऊन गेले. पुढच्या मे महिन्यात त्या रस्त्याने जाताना मला गॅलऱ्यागॅलऱ्यांत काड्या झालेल्या तुळशी दिसल्या. मी जनूभाऊंच्या फाटकाशी थांबलो. अंगण स्वच्छ झाडलेलं होतं, रिकामं. विहिरीपाशी ते एकटेच खटपट करत होते. पिंप अर्धं कापून त्यांनी तळाला भोकं पाडली होती.

"बरा आलास, भाऊ. जरा हात लाव."

आम्ही काथ्या कापला, फुटकी कुंडी सोडवली आणि चाफा त्या पिंपात बसवला. माती दाबून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कचेरीत लोक पाहतात तसं.

"एकच हाय. धंदा नाय हां हा. चालंल ना?"

"चालेल," मी म्हटलं.

त्यांनी विहिरीतून बादली ओढली.

"चल सुऱ्या," ते म्हणाले, "आंघोल करून घे."